फिल्टरने बदललेली फेज कानाला कळते का? घरच्या घरी चाचणी घेण्याची रीत

इक्वलायझर लावला की फेज, म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या वारंवारतांचे तरंग वेळेत एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत ते, बदलते, हे खरं आहे. ती बदललेली कानाला कळते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला बसणारे बहुतेक जण चाचणीच चुकीची घेतात. प्लगिनचं बटण चालू-बंद करायचं, डोळे मिटायचे आणि ‘आता जरा मोकळं वाटतंय बघा’ म्हणायचं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खोलीच्या स्टुडिओपासून मंडळांना साऊंड पुरवणाऱ्या ऑपरेटरपर्यंत सगळ्यांची हीच तऱ्हा. अशा वेळी कानाला जे कळतं ते बहुतेकदा फेज नसतंच. पातळी अर्ध्या डीबीने वर गेलेली असते, कुठेतरी क्लिप झालेलं, म्हणजे शिखर कापलं गेलेलं असतं, नाहीतर मूळ आवाज आणि फिल्टरमधून आलेला आवाज एकत्र मिसळलेला असतो.

खालच्या रीतीत आधी फेज सोडून बाकी सगळे फरक बंद करायचे आहेत आणि मगच कानाला विचारायचं आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. चौथा टप्पा लोक हमखास गाळतात आणि तिथेच सगळं फसतं.

टप्पा १ : जागा, कान आणि यंत्र

चाचणी हेडफोनवर घ्या. खोलीत स्पीकर लावला की भिंती, फरशी आणि कपाटाच्या काचा यांच्यावरून परतणारा आवाज स्वतःच फेजची एवढी उलथापालथ करतो की फिल्टरने केलेला बदल त्यात बुडून जातो. हेडफोनवरही फरक कळला नाही तर स्पीकरवर कळण्याची आशा फारच कमी.

हेडफोन वायरवाला हवा. ब्लूटूथ नको, कारण मधलं कोडेक आवाज दाबतं आणि बऱ्याच हेडफोनमध्ये कंपनीचा स्वतःचा इक्वलायझर बसवलेला असतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्समेंट’, ‘सराऊंड’, ‘लाउडनेस’ असलं जे काही असेल ते बंद करा. शेवटी लिमिटर (उंच शिखरं दाबणारा प्रोग्राम) चालू राहिला तर पुढची मेहनत पाण्यात गेलीच म्हणून समजा. ते का, हे चौथ्या टप्प्यात येईल.

पंखा बंद. खिडकी बंद. जुलैच्या पावसात पत्र्याखाली बसला असाल तर दुसरी खोली बघा, पत्र्यावरची सर हेडफोनमधूनही आत येते. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊच नका. रात्रभर बेसच्या भिंतीसमोर उभे राहिलेले कान तात्पुरते बधिर झालेले असतात आणि शिट्टीही वाजत असते. कान पूर्ववत झाल्यावर बसा.

सॉफ्टवेअर तीन कामांसाठी लागतं. फिल्टर लावण्यासाठी रीपर किंवा ऑल-पास फिल्टर (तो काय ते तिसऱ्या टप्प्यात) देणारा कुठलाही प्रोग्राम, पातळी आणि स्पेक्ट्रम बघण्यासाठी ऑडॅसिटी, आणि आंधळ्या चाचणीसाठी, म्हणजे कुठली फाइल वाजते आहे ते माहीत नसताना ऐकण्यासाठी, फूबार २००० व त्याचा एबीएक्स घटक. हे सगळं साध्या लॅपटॉपवर चालतं.

> तपासा : एकच फाइल दोनदा ऐका. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा वेगळी वाटली, तर तो कानाचा स्वभाव आहे. हे आताच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टप्पा २ : कोणते आवाज घ्यायचे

इथे निवड चुकली की उत्तर आधीच ठरतं. बासरीचा लांब सूर घेतलात तर काही कळणार नाही. भरगच्च मिक्स केलेलं गाणं घेतलंत तरी बहुधा कळणार नाही. फेजचा बदल दोन ठिकाणी उघडा पडतो. एक म्हणजे अचानक सुरू होऊन लगेच थांबणारा आवाज. दुसरा म्हणजे खालच्या पट्टीतला, पण भरपूर हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले वरचे सूर) असलेला आवाज.

दुसऱ्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आतला कान आवाज पट्ट्यापट्ट्यांनी वेगळा करतो. २ किलोहर्ट्झच्या आसपास अशी एक पट्टी साधारण २४० हर्ट्झ रुंद असते. आवाजाची मूळ वारंवारता १०० हर्ट्झ असेल, तर त्या एका पट्टीत दोन-तीन हार्मोनिक एकत्र सापडतात आणि त्यांच्या बेरजेला चढउतार येतो. हार्मोनिकची फेज बदलली की या चढउतारांचा आकार बदलतो आणि तो कानाला कळू शकतो. मूळ वारंवारताच १,००० हर्ट्झ असेल, तर त्या भागात प्रत्येक हार्मोनिक आपापल्या पट्टीत एकटा असतो. मग शेजाऱ्याशी त्याची फेज जुळते की नाही, हे कानाला समजायला मार्गच उरत नाही. म्हणून पुरुषाचा खर्जातला आवाज चाचणीला चांगला आणि बासरी वाईट.

माझ्या मते हे पाच नमुने पुरेत :

१. एका सॅम्पलची (डिजिटल आवाजातल्या एकाच बिंदूची) टिचकी, दर सेकंदाला एक. शिखर उणे १२ डीबीवर ठेवा.
२. ६० ते १०० हर्ट्झचा करवती तरंग, म्हणजे सॉटूथ, दोन सेकंदांचा.
३. हलगी.
४. शाहिरी ढंगाचा किंवा नुसता बोलका पुरुषी आवाज, जवळून आणि कोरडा रेकॉर्ड केलेला.
५. पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता असलेला सळसळता आवाज), किमान पंधरा सेकंद.

पाचवा नमुना कशासाठी, असं वाटेल. नॉइजमध्ये फेज मुळातच अस्ताव्यस्त असते. ती आणखी अस्ताव्यस्त केली तरी कानाला काही फरक पडत नाही. त्यामुळे पिंक नॉइजवर तुम्हाला फरक ‘ऐकू आला’, तर तुमच्या मांडणीत फेजशिवाय दुसरं काहीतरी बदललेलं आहे. हा नमुना चोर पकडण्यासाठी आहे. फक्त त्याचा छोटा तुकडा लूपवर टाकू नका. अर्ध्या सेकंदाचा नॉइज पुन्हा पुन्हा ऐकला की त्यातले खाचखळगे पाठ होतात आणि मग तेच ओळखू येतात.

हलगीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोल्हापुरात ती सहज मिळते आणि परदेशी चाचण्यांत वापरतात त्या कॅस्टानेटपेक्षा ती तसूभरही कमी नाही. तालमीजवळ किंवा मर्दानी खेळाच्या पथकात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. कातडं तापवून ताणलेलं असताना वाजवायला सांगा. सैल हलगीचा ठोका बोथट येतो. माइक हातभर ते मीटरभर अंतरावर. मैदानात रेकॉर्ड केलंत तर उत्तम, घरात करत असाल तर गाद्या-रजया टांगा, कारण खोलीची गुंज ठोक्याच्या मागे लागली तर चाचणी तिथेच कमजोर होते. घुमकं आणि कैताळ नको, एकटी हलगी. शिखर उणे १२ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. हलगीचा ठोका मीटरवर दिसतो त्यापेक्षा उंच असतो आणि माइकचा प्रीअँप कधी क्लिप झाला ते कळतही नाही.

> सावधान : फिल्टरशिवाय एकदा आणि फिल्टर लावून एकदा, असं दोनदा वाजवून घेऊ नका. एकच माणूस दोन ठोके सारखे मारत नाही. रेकॉर्डिंग एकच, फिल्टर नंतर.

टप्पा ३ : फक्त फेज बदलणारा फिल्टर लावा

साधा इक्वलायझर घेऊन ही चाचणी होत नाही. तो पातळीही बदलतो आणि फेजही बदलतो. मग कानाने काय ओळखलं, हे सांगता येत नाही. इथे ऑल-पास फिल्टरच हवा. तो सगळ्या वारंवारता त्याच पातळीवर पुढे सोडतो, फक्त काहींना जास्त वेळ अडवून धरतो. हा जो अडवलेला वेळ, त्याला ग्रुप डिले म्हणतात. फेजचे अंश मोजत बसण्यापेक्षा हा वेळ मिलिसेकंदात मोजलेला बरा, कारण कानाशी त्याचा संबंध थेट लागतो.

दुसऱ्या ऑर्डरच्या ऑल-पासमध्ये ठरवलेल्या वारंवारतेवर फेज १८० अंशांनी मागे जाते. तिथला ग्रुप डिले काढायचं सूत्र सोपं आहे : क्यू (फिल्टर किती अरुंद आहे त्याचा आकडा) दुप्पट करा, त्याला π (३.१४) गुणिले वारंवारतेने भागा. १ किलोहर्ट्झवर हिशोब असा येतो :

- क्यू १० : सुमारे ६.४ मिलिसेकंद
- क्यू ३ : सुमारे १.९ मिलिसेकंद
- क्यू ०.७ : सुमारे ०.४५ मिलिसेकंद

हाच फिल्टर १०० हर्ट्झवर नेला की तिन्ही आकडे दहापट होतात. काही प्लगिन क्यू मागत नाहीत, ऑक्टेव्हमध्ये रुंदी मागतात. तेव्हा १० साठी ०.१४, ३ साठी ०.४८ आणि ०.७ साठी १.९ ऑक्टेव्ह द्या.

आता मोजपट्टी. ब्लाउअर्ट आणि लॉज यांनी १९७८ मध्ये लहान झटक्यासारखे आवाज वापरून उंबरठे मोजले. ग्रुप डिलेतला फरक ५०० हर्ट्झला ३.२, १ किलोहर्ट्झला २, २ किलोहर्ट्झला १, ४ किलोहर्ट्झला १.५ आणि ८ किलोहर्ट्झला २ मिलिसेकंदांच्या आसपास गेला की तो कळू लागतो. म्हणजे वरच्या यादीतला पहिला फिल्टर उंबरठ्याच्या बराच पलीकडे, दुसरा उंबरठ्यावर आणि तिसरा बराच अलीकडे. हे तिन्ही मुद्दामच असे निवडले आहेत.

प्रत्येक नमुन्यातून तीन फाइली काढा. एक्सपोर्ट २४ बिटमध्ये, मूळच्याच सॅम्पल रेटला. एमपी३ नको.

> सावधान : एक्सपोर्टच्या खिडकीत ‘नॉर्मलाइज’ला टिक असेल तर काढा. आत्ता काढा. पुढचा टप्पा वाचलात की कारण कळेल.

टप्पा ४ : खरोखर फेजच बदलली आहे ना, ते तपासा

ऑल-पासने फाइलची सरासरी ताकद, म्हणजे आरएमएस, बदलत नाही. शिखरं मात्र बदलतात. आधी एकाच क्षणी उसळणारे हार्मोनिक आता मागेपुढे होतात. त्यामुळे एखादं शिखर खाली येतं, तर एखादं वर जातं. आधीच दाबून-चेपून मास्टर केलेल्या गाण्यात ते हमखास वर जातं, तेही काही डीबीने.

त्यातून दोन खड्डे तयार होतात. नॉर्मलाइज चालू असेल तर प्रोग्राम दोन्ही फाइलींची शिखरं सारखी करतो. शिखरं सारखी झाली म्हणजे सरासरी पातळी वेगळी झाली, आणि मोठ्या आवाजाला कान नेहमीच जास्त गुण देतो. दुसरा खड्डा क्लिपिंगचा किंवा लिमिटरचा. फिल्टर केलेल्या फाइलचं शिखर शून्य डीबीच्या वर गेलं की ते कापलं जातं. मग जो खरखरीत फरक ऐकू येतो तो कापाकापीचा असतो आणि त्याचा बट्टा फेजच्या माथी लागतो. ‘फेजने आवाज कठोर झाला’ म्हणणाऱ्या किती तरी जणांची फाइल उघडून पाहिली की वरची कडा कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसते.

म्हणून हे क्रमाने करा :

१. मूळ फाइल फिल्टरच्या आधीच ६ डीबीने उतरवा. गाणं असेल तर १० डीबीने.
२. दोन्ही फाइलींचा आरएमएस बघा. फरक ०.१ डीबीच्या आत हवा. नसेल तर हाताने आवाज कमी-जास्त करून जुळवू नका, फरक कुठून आला ते शोधा. तो ऑल-पासमधून येऊच शकत नाही. एकच अपवाद : फिल्टरची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, संपण्याआधीच फाइल कापली गेली असेल तर टिचकीसारख्या नमुन्यात फरक पडतो. शेवटी अर्धा सेकंद शांतता ठेवा.
३. दोन्हींचा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून बघा. पिंक नॉइजवर हे उत्तम दिसतं. १ किलोहर्ट्झला खड्डा दिसला तर फिल्टरमधून न गेलेला मूळ आवाज कुठेतरी मिसळतो आहे. प्लगिनचा वेट-ड्राय (फिल्टर केलेला आणि मूळ आवाज यांच्या मिश्रणाचा) खटका पूर्ण वेटवर आहे का बघा.
४. फाइलीची सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळते का बघा. प्लगिनमुळे पूर्ण फाइलच काही मिलिसेकंद उशिरा सुरू होत असेल, तर फाइल बदलताना तोच उशीर ओळखू येतो.
५. डावा आणि उजवा, दोन्हींवर तोच फिल्टर आहे ना?

आता नल टेस्टबद्दल. एक फाइल उलटी करून दुसरीत मिसळायची आणि उरलेला आवाज ऐकायचा, ही युक्ती इतर बाबतीत चांगली आहे. फेजच्या बाबतीत ती दिशाभूल करते. फेज ६० अंशांनी सरकली तरी उरलेला आवाज मूळ आवाजाएवढाच मोठा येतो, आणि १८० अंशांवर तर मूळपेक्षा ६ डीबी जास्त. दोन फाइली ऐकायला तंतोतंत सारख्या असूनही नल टेस्टमध्ये सबंध हलगी दणक्यात वाजू शकते. ‘बघा, एवढा फरक आहे’ म्हणून कुणी असा उरलेला आवाज ऐकवला, तर त्यातून फेज बदलली एवढंच सिद्ध होतं. ते आपल्याला आधीच माहीत होतं.

स्क्रीनवरच्या आकृतीचंही तेच. चौकोनी तरंग ऑल-पासमधून काढला की ओळखू येत नाही इतका वेडावाकडा होतो. डोळ्याला तो भयंकर दिसतो. कान आकृती बघत नाही.

> तपासा : पिंक नॉइजची मूळ आणि फिल्टर केलेली फाइल आलटून पालटून ऐका. फरक वाटला तर पुढे जाऊ नका, वरचे पाचही मुद्दे पुन्हा करा.

टप्पा ५ : काय ऐकायचं ते आधी कानाला शिकवा

सरळ बारीक फरकापासून सुरुवात केली की माणूस दहा मिनिटांत कंटाळतो आणि ‘काही कळत नाही’ म्हणून उठतो. त्या उत्तराला किंमत नाही. काय शोधायचं तेच कानाला माहीत नव्हतं.

आधी अतिरेक करा. क्यू १० चे चार ऑल-पास एकामागोमाग, सगळे १ किलोहर्ट्झवर. टिचकी आता टिचकी राहत नाही, तिच्या मागे ‘टिंव’ असा सूर लागतो. हलगीच्या ठोक्याचा वरचा चटका वेगळा आणि मधला नाद त्याच्या मागून, असं फाटल्यासारखं ऐकू येतं. हे मनात पक्कं बसू द्या. मग तीन फिल्टर, दोन, एक. मग क्यू ३. प्रत्येक पायरीवर तीच शेपूट शोधा. ‘उबदार’, ‘रुंद’, ‘खोल’ हे शब्द बाजूला ठेवा, ठोक्याच्या मागे काय लागतंय तेवढंच बघा. सॉटूथमध्ये शेपूट नसते. तिथे आवाजाचा खरखरीतपणा कमी-जास्त होतो.

इथे डोळे उघडे ठेवून ऐकायला हरकत नाही. हा सराव आहे, परीक्षा नाही.

टप्पा ६ : आंधळी चाचणी

एबीएक्समध्ये ए ही मूळ फाइल, बी ही फिल्टर केलेली, आणि एक्स म्हणजे या दोघांपैकी कुठली तरी एक. कुठली ते फक्त संगणकाला माहीत. तुम्ही तिन्ही हवी तितकी ऐकून एक्स कोण ते सांगायचं. तुम्हाला कुठली ‘चांगली’ वाटते, हा प्रश्नच नाही.

सोळा फेऱ्या घ्या, आणि हा आकडा बसण्याआधीच कागदावर लिहा. सोळापैकी १२ किंवा जास्त बरोबर आल्या, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. चौदा आल्या तर ०.२ टक्के. दहाच फेऱ्या घेऊन आठ बरोबर आल्या तर लोक खूश होतात, पण नाणं उडवूनही शंभरात पाच-सहा वेळा तेवढं येतं.

फूबारमध्ये चालू गुण लपवायची सोय असेल तर वापरा. गुण दिसत राहिले की ‘आता पाचापैकी पाच आले, इथेच थांबतो’ हा मोह होतो. तो मोह आवरा. हवा तसा निकाल येईपर्यंत खेळत राहिलात तर कधी ना कधी तो येणारच.

तुकडा एक-दोन सेकंदांचा लूपवर ठेवा. कानाची बारीक आठवण तेवढीच टिकते. अख्खं गाणं ऐकून मग दुसरं ऐकण्यात अर्थ नाही. अपवाद पिंक नॉइजचा, तो लांबच हवा. फाइल बदलताना ‘टक्’ असा आवाज येत असेल आणि तो एकाच बाजूला येत असेल, तर तोच सुगावा ठरतो. दोन्ही फाइलींच्या टोकांना पाच मिलिसेकंदांचा फेड द्या. चार-पाच फेऱ्यांनंतर हेडफोन काढा, उठा, पाणी प्या.

मित्रांना जमवलंत तर मजा येते, पण गणित बदलतं. दहा जण बसले आणि कुणालाच काही कळत नसलं, तरी त्यातल्या एकाला तरी बारा मिळण्याची शक्यता तीनात एक आहे. मग तो ‘सोनेरी कानाचा’ म्हणून कट्ट्यावर मिरवायला मोकळा. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळा फेऱ्या द्या. खरंच कळत असेल तर पुन्हा कळेल.

> सावधान : आवाज वाढवत नेऊ नका. फरक कळेना की हात आपसूक व्हॉल्यूमकडे जातो. हलगीचे ठोके हेडफोनवर मोठ्याने ऐकून फरक कळत नाही, कान मात्र जातात.

टप्पा ७ : निकाल कसा वाचायचा

साधारण काय घडेल ते सांगतो. क्यू १० ची फाइल टिचकीवर आणि बहुतेकांना हलगीवरही ओळखता येते. क्यू ३ टिचकीवर ओळखणारे भेटतात, सॉटूथवरही काही, आवाजावर कमी. क्यू ०.७, म्हणजे रोजच्या इक्वलायझरच्या आसपासचा बदल, हलगीवर किंवा गाण्यावर बारापर्यंत नेणारा सापडला तर पहिल्यांदा त्याच्या फाइली तपासा. लिपशिट्झ, पोकॉक आणि व्हँडरकूय यांच्या १९८२ च्या चाचण्यांतही याच धाटणीचं निघालं : साध्या कृत्रिम आवाजांवर हेडफोनमधून फेजचा बदल कळू शकतो, संगीतावर तो फार सूक्ष्म होतो.

‘कळलं नाही’ याचा अर्थ ‘कुणालाच कळणार नाही’ असा नसतो. त्या फाइलीवर, त्या हेडफोनवर, त्या कानाला कळलं नाही, एवढंच. आणि सॉटूथवर कळलं म्हणून लगेच मिक्समधले सगळे इक्वलायझर फेकून लिनिअर-फेजचे (सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर देणारे) घ्यायचे, हेही तितकंच उतावीळपणाचं.

डीएसीच्या (डिजिटल फाइलीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या घटकाच्या) फिल्टरवरून भांडणाऱ्यांसाठी एक टिपण. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत तो तीव्र उताराचा फिल्टर २० ते २२ किलोहर्ट्झच्या मध्ये बसतो. त्याची फेजची बहुतेक उलथापालथ आणि रिंगिंग (मागेपुढे लागणारी थरथर) त्याच भागात होते. तिथलं ऐकू येणारा प्रौढ माणूस मिळणं अवघड.

टप्पा ८ : कामावर फेज खरी कुठे आडवी येते

एकट्याने वाजणाऱ्या आवाजाची फेज बदलली तर कानाला क्वचित कळतं. तोच आवाज दोन वाटांनी येऊन परत एकत्र झाला, तर शेंबड्या पोरालाही कळतं. कारण आता बदल फेजचा राहत नाही, पातळीचा होतो.

मघाचा क्यू ०.७ चा ऑल-पास घ्या, जो सोळा फेऱ्यांत कुणाला ओळखता आला नाही. तो मूळ फाइलीबरोबर समान पातळीवर मिसळा. १ किलोहर्ट्झला दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट, म्हणजे तिथे आवाज शून्य. भलामोठा खड्डा. समांतर कॉम्प्रेशन (दाबलेला आवाज मूळ आवाजात मिसळणं), एकाच हलगीवर दोन माइक, ड्राय आणि वेटचं मिश्रण, या सगळ्या ठिकाणी फेजकडे लक्ष द्यायचं ते यासाठी. समांतर वाटेवर इक्वलायझर लावायचाच असेल तर तिथे लिनिअर-फेजला खरा अर्थ आहे.

दुसरी जागा स्टिरिओ. तोच ऑल-पास फक्त डाव्या बाजूला लावून हेडफोनवर ऐका. मधोमध असलेला आवाज लगेच सरकतो किंवा पसरतो. खालच्या वारंवारतांमध्ये दोन कानांतला वेळेचा फरक आपल्याला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासही जाणवू शकतो, आणि इथे आपण त्याच्या चाळीसपट बोलतो आहोत. डाव्या-उजव्याचे इक्वलायझर लिंक करून ठेवा.

तिसरी जागा मंडळांच्या साऊंडवाल्यांसाठी : बेस आणि टॉप यांच्यामधला क्रॉसओव्हर, म्हणजे खालच्या वारंवारता बेसला आणि वरच्या टॉपला वाटून देणारी फिल्टरची जोडी. २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रकार, दर ऑक्टेव्हला २४ डीबी उताराचा) १०० हर्ट्झवर लावला की दोन्ही बाजूंची बेरीज सपाट येते, पण ती बेरीज म्हणजे क्यू ०.७ चा ऑल-पासच असतो. खालच्या टोकाला ४.५ मिलिसेकंदांचा उशीर. हा उशीर ऐकू येतो का, हे वरच्याच रीतीने तपासता येतं : गाण्याच्या दोन प्रती करा, एकीवर लो-पास, दुसरीवर हाय-पास, दोन्ही मिसळून मूळ फाइलीशी एबीएक्स करा. लिंकविट्झ-रायली मिळत नसेल तर क्यू ०.७ चे १२ डीबीचे दोन फिल्टर एकामागोमाग लावले की तोच होतो.

रस्त्यावर मात्र या ४.५ मिलिसेकंदांची चिंता करण्याआधी बॉक्स मोजा. १०० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ३.४ मीटर. बेस ट्रॉलीच्या पुढच्या कडेला आणि टॉप १.७ मीटर मागे असले, की नेमके क्रॉसओव्हरवर दोघे एकमेकांना खातात आणि ‘बेसमध्ये दम नाही’ म्हणून ऑपरेटर ॲम्प चढवत बसतो. त्यावर इलाज असा :

१. बेस आणि टॉप दोन्ही क्रॉसओव्हरच्या वारंवारतेवर सारख्या पातळीला आणा.
२. टॉपची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी करा.
३. १०० हर्ट्झचा सूर लावून लोक उभे राहतात तिथे माइक किंवा कान ठेवा. दोघांतला जो बॉक्स पुढे आहे त्याला थोडा थोडा डिले द्या. एक मीटरला २.९ मिलिसेकंद, या हिशोबाने सुरुवात करा.
४. आवाज सगळ्यात कमी होईल तिथे थांबा.
५. पोलॅरिटी सरळ करा.

पाचवी पायरी विसरलात तर रात्रभर खड्ड्यातच वाजवाल. उलट्या पोलॅरिटीत खड्डा जितका खोल, तितकी सरळ केल्यावर बेरीज चांगली. ४८ डीबीच्या लिंकविट्झ-रायलीलाही हीच रीत चालते. १२ डीबीच्या लिंकविट्झ-रायलीला नाही, तिथे टॉप मुळातच उलटा लावावा लागतो.

राहिला लिनिअर-फेज. त्यात सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर होतो, म्हणून फेजचा प्रश्न मिटतो. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे उशीर : ४,०९६ टॅपचा (म्हणजे ४,०९६ सॅम्पल लांबीचा) फिल्टर ४८ किलोहर्ट्झला ४३ मिलिसेकंद घेतो. गायकाच्या मॉनिटरला (स्वतःचा आवाज ऐकायच्या स्पीकरला) तो लावलात तर गायक तुमच्याकडे बघेल. दुसरी म्हणजे प्री-रिंगिंग. साध्या फिल्टरची थरथर ठोक्याच्या मागे लागते आणि ठोका तिला झाकतो. लिनिअर-फेजची निम्मी थरथर ठोक्याच्या आधी येते, आणि आधी आलेल्या आवाजाला झाकण्याची कानाची ताकद फार थोडी, काही मिलिसेकंदांपुरतीच. खालच्या वारंवारतेवर अरुंद क्यूने मोठी उचल दिली तर हलगी वाजण्याआधी ती ‘घुं’ करते. फेज वाचवायला गेलेल्याच्या पदरी जास्त ऐकू येणारा दोष पडतो तो इथे.

तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे इक्वलायझर असतील तर ८० हर्ट्झला क्यू ८ ने १२ डीबीची उचल द्या, एकदा साध्याने आणि एकदा लिनिअर-फेजने. दोन्ही फाइलींचा आरएमएस जुळवा, सुरुवात जुळवा आणि एकट्या हलगीवर सोळा फेऱ्या घ्या.